न विचारणाऱ्या खेळावर तुझं नाव

उमेश, तुझ्या फोटोला त्यांनी हार घातला, तोही कापडी. ऑफिसच्या कपाटातून दर दसऱ्याला निघतो तोच. डांबरगोळ्यांचा वास घेऊन तो आला आणि सभा संपल्यावर घडी होऊन परत कपाटात गेला. खालच्या मजल्यावर अत्तराचा कारखाना आहे. त्या दिवशी तिथे मोगरा चालू होता आणि सगळी इमारत त्या वासाने जड झाली होती. वर तुझ्यासमोर मात्र एका खऱ्या फुलाची सोय कोणाला करता आली नाही. तुला त्याचं काही वाटलं नसतं म्हणा. मोगरा आणि फिनेल यांतला फरक तुझ्या नाकाने कधी मान्यच केला नाही.

सभेत तुला हसतमुख म्हटलं गेलं. मी मान वर करून फोटो नीट पाहिला, की चुकून दुसऱ्याचा तर लावला नाही. तू हसायचास ते कोणाचं तरी चुकलेलं सापडलं की, आणि तेही एका बाजूने. तू प्रेमळ होतास, मनमिळाऊ होतास, सगळ्यांना सांभाळून घेणारा होतास, असं एकेक जण उभा राहून सांगत गेला. ज्यांना तू भर बैठकीत 'डोकं घरी ठेवून आलायस का रे' असं विचारलं होतंस, त्यांचेच आवाज सगळ्यांत ओले होते. मेलेल्या माणसाला सोयीचं करून घेण्याची ही घाई मी याआधीही पाहिली आहे, पण इतकी आळशी घाई प्रथमच पाहिली. तू काय काम करत होतास, हे त्यांतल्या एकालाही सांगता आलं नाही.

म्हणून मी सांगते. तू खेळात प्रश्न विचारायचास.

आपला कॉम्प्युटरवरचा खेळ पाळीपाळीने चालणारा. खेळाडूची माणसं आपली पाळी खेळतात, मग शत्रूची पाळी येते, आणि तेवढा वेळ खेळाडूने हात बांधून बघत बसायचं असतं. पण त्याने काही राखून ठेवलेलं असेल, उगारलेली ढाल किंवा ओठांवर थांबवलेला मंत्र, तर वार येता येता खेळ क्षणभर थांबतो. पडद्यावर एक छोटी चौकट उमटते आणि विचारते, वापरायचं? परक्याच्या पाळीत खेळाडूला मिळणारा हा एकुलता एक शब्द. ती चौकट कधी उमटावी, कुठे उमटावी, तिने काय सांगावं आणि काय झाकून ठेवावं, यावर तू तुझी उमेदीची वर्षं खर्च केलीस. बाकीचे डोंगर रंगवत होते, राक्षसांना शिंगं लावत होते, आणि तू एका प्रश्नाची रुंदी मोजत होतास. त्या चौकटीतले शब्द लिहिण्यासाठी मला घेतलं गेलं. कवितेचं शिक्षण घेतलेली बाई म्हणून मी मोठ्या तोऱ्यात आले आणि पहिल्याच दिवशी माझ्या चार ओळींच्या प्रश्नाची तू 'वार अडवायचा?' एवढीच चिंधी करून परत दिलीस.

"कवयित्रीबाई," तू म्हणालास, "समोरून भाला येतोय. तो काय तुमचं वाचून होईपर्यंत थांबणारे?"

मी त्या दिवशी तुझा मनापासून तिरस्कार केला. तो तिरस्कार पुढे वर्षानुवर्षं टिकला, मुरला, आणि कसा कोण जाणे, माझ्या दिवसाचा कणा होऊन बसला.

आपली ढालकरीण आठवते ना? खाडीत बुडालेल्या त्या शहरातली, रुंद खांद्यांची, अबोल बाई. सोबत्यावर येणारा वार ती स्वतःवर घेऊ शकते, हाच तिचा गुण. 'हा वार तू घेणार?' सगळ्या खेळातला हा एक प्रश्न असा, ज्याचे शब्द तू मला कापू दिले नाहीस आणि मी तुला. निशांत, ज्याची ही कंपनी आहे आणि ज्याच्या मते जगातला प्रत्येक प्रश्न हा एक अडथळा आहे, तो तेव्हापासूनच म्हणत होता की विचारायचं कशाला, घेऊ दे ना तिला आपोआप. ढाल आहे, वार आहे, विषय संपला. तू टेबलावर हात आपटला होतास.

"विचारलंच नाही तर ती बाई नाही रे, उशी आहे!"

तू गेलास, आणि ती उशी झाली. हे मी तुला वळणं घेत सांगणार होते, पण तुला वळणं आवडत नाहीत. त्याच शोकसभेत, त्याच कापडी हाराखाली, निशांतने जाहीर केलं की खेळ आता पुढे नेऊ या, चाचणीत मुलांना तो थांबत-थांबत चालल्यासारखा वाटला, तेव्हा सगळ्या प्रतिक्रिया आपोआप होतील. "फ्लो महत्त्वाचा," तो म्हणाला. हा शब्द मला गटाराच्या संदर्भात मान्य आहे. आणि श्वासही न घेता पुढे म्हणाला की खेळ सुरू होताना काळ्या पडद्यावर उमेशचा फोटो येईल, खाली नाव आणि दोन ओळी.

"तू लिही ना," माझ्याकडे वळून. "कविता करतेस ना तू? टाक दोन ओळी यार. छान, इमोशनल."

आमटीवर कोथिंबीर टाकावी तसं.

"आणि विचारण्याचं काय?" मी म्हटलं.

"अगं, काढलं कुठेय? सेटिंगमध्ये आहे ना. ज्याला हवं तो ऑन करेल."

सेटिंगमध्ये. आवाज, भाषा आणि अक्षरांचा आकार ओलांडून, खाली, जिथे कोणाचं बोट पोहोचत नाही तिथे तुझं आयुष्य त्याने नेऊन ठेवलं आणि दारावर तुझा फोटो लावायला निघाला. मला तेव्हा रडू आलं नाही. मला किळस आली, आणि ती किळस फार स्वच्छ होती.

न्यायाने बोलायचं, तर तुझी पहिली चौकट निशांतच्या तिरस्कारालाही पात्र होती. ती सतत विचारायची. बोकडाने ढुशी दिली तरी विचारायची, हवेत गेलेल्या दगडासाठीही विचारायची. घाटकोपरच्या कॉलेजात आपण ती घेऊन गेलो होतो. तिथली ती मुलगी, कपाळावर बटा, तोंडात च्युइंगम, 'नाही, नाही, नाही' दाबत पुढे चालली होती, आणि ज्या एका वाराला तिचा लाडका सोबती मरणार होता, तिथेही तिचा अंगठा त्याच लयीत 'नाही' दाबून गेला. "अय्या! मेला? मला विचारलंच नाही!" ती म्हणाली. विचारलं होतं. तुझा चेहरा चुन्यासारखा झाला होता. परतताना रिक्षात तू एवढंच बोललास, की सारखं विचारणं आणि न विचारणं एकच असतं. त्यानंतर जिथे उत्तराने काही बदलत नाही तिथे विचारायचं नाही, असा तू नियम केलास. चौकटीतल्या दोन बटणांपैकी कोणतंही आधीपासून उजळलेलं असू नये, हा दुसरा. कारण माणूस उजळलेलं दाबतो आणि नंतर त्याला आपली इच्छा म्हणतो. निशांत ज्याला थांबत-थांबत म्हणतो, तो खेळ केव्हाच मागे पडला होता. नवा त्याने उघडूनही पाहिलेला नाही.

पण उत्तराने फरक पडतो तिथेच विचारायचं म्हटलं, की चौकट उमटणं हीच बातमी होते. ती आली म्हणजे वार बसणार. आणि इथून आपलं खरं भांडण सुरू झालं.

तू सगळं आधी पुठ्ठ्यावर खेळून बघायचास. कॅरमच्या सोंगट्या, शर्टाची बटणं, आणि एक फासा, जो टाकल्या टाकल्या तू चहाच्या बशीखाली झाकायचास. मग विचारायचास. माझं म्हणणं होतं, बशी झाकलेली असतानाच विचार. वार किती खोल जाणार हे कळण्याआधी जी 'हो' म्हणते, तिच्याच 'हो'ला काही किंमत. तू बशी आधी उचलायचास. "हे बघ. वार बसलाय. सोबती मरणार. तू घेतलास तर तू मरणार नाहीस, पण ही लढाई लंगडत काढशील. आता बोल, घेणार?"

"एवढं सगळं सांगितल्यावर उरलं काय? वाणसामानाचा हिशेब."

"आणि न सांगता विचारलं की लॉटरी. तुला अंधार आवडतो गं, कारण तुझ्या घरी दिवे आहेत."

"आणि तुला सगळं कळायला हवं असतं, कारण तुझी छाती नाही अंधारात पाऊल टाकायची."

"नाहीच आहे," तू म्हणालास आणि बशीत चहा ओतून प्यायलास.

खेळ तुझ्या मताने बनला. मी मानलं नाही, आणि आजही मानलेलं नाही. तू गेलास म्हणून मी हरेन, अशी सवलत तुला मिळणार नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या मताने झाली. चौकट उमटताना आवाज कोणता, यावर तू म्हणालास, 'टिंग' ठेव. टिंग! जणू इस्त्रीचे कपडे आलेत. मी तुला ओढत वर्सोव्याच्या धक्क्यावर नेलं. बोंबील दोऱ्यांवर वाळत होते, वाऱ्याला खारट, तिखट धार होती, आणि तू नाकाला रुमाल लावून 'हे काय कवितेचं फिल्डवर्क का' म्हणून माझा जीव खात होतास. खाडीपलीकडच्या मढहून होडी येत होती. धक्का जवळ आला, तिचं इंजिन बंद झालं. आणि ती होडी नुसत्या उरलेल्या वेगावर, आवाजाविना, आपल्याकडे सरकत राहिली. पाणी तिच्या अंगाला लागत होतं तेवढंच ऐकू येत होतं. ती येणारच होती, थांबणार नव्हती, पण अजून पोहोचली नव्हती.

तू रुमाल खाली घेतलास. "हां," म्हणालास. "हे."

तुझ्या तोंडून मला मिळालेली एवढीच दाद. मोठमोठ्या सभागृहांतल्या टाळ्या मी विसरले आहे. तो 'हे' अजून कानात आहे, बोंबलाच्या वासासकट. आपला खेळ आता कोणी घेईल तेव्हा ती शांतता त्यात असेल आणि कोणालाही ऐकू येणार नाही, कारण जिथे विचारत नाहीत तिथे ती वाजत नाही.

माझी एकही कविता तू वाचली नाहीस. एकदा पुस्तक हातात घेऊन, उलटंसुलटं करून, परत देताना म्हणालास, "यात वाचणाऱ्याला काय करायला मिळतं?" मी तुला अडाणी म्हटलं. अडाणीच होतास. पण तेव्हापासून कागदावर ओळ उतरली की मी तिला तुझ्या त्या उद्धट स्वरात तेच विचारते, आणि निम्म्या ओळी मान खाली घालून निघून जातात. हे तुला सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर तू ते चारचौघांत वापरलं असतंस, म्हणून राहिलं.

आणि आता तुझ्याबद्दलचा तिरस्कार, जो मी इतरांवर उधळून संपवू इच्छित नाही. विचारण्याआधी सगळं सांगा, असं बजावणाऱ्या माणसाने स्वतःच्या छातीत काय चाललंय हे कोणालाही सांगितलं नाही. पित्त आहे म्हणत तू सोड्याचं पाणी पीत राहिलास, असं तुझ्या आईने, काकींनी, नंतर सांगितलं. आमच्यापैकी कोणाला काही करायचं होतं का, हे विचारण्याइतकीही पाळी तू आमच्यावर येऊ दिली नाहीस. आम्हाला तू सरळ आपोआपवर टाकलंस. जगातल्या प्रत्येक अनोळखी खेळाडूला तू जो अधिकार दिलास, तो आम्हाला नाकारलास. यासाठी मी तुला क्षमा करत नाही. कधी करेन असंही वाटत नाही.

फोटो आणायला निशांतने मलाच मुलुंडला पाठवलं. सभेतला फार अंधुक आहे, म्हणे, स्क्रीनवर फाटेल. तुझ्या आईने दार उघडलं. घरात तळलेल्या मोरी माशाचा वास होता.

"इलस? बस गो. जेवन जा," काकी म्हणाल्या. सुतकात त्यांनी मासे बंद केले नव्हते काय, असा प्रश्न माझ्या तोंडावर उमटला असणार. "तेराव्यापर्यंत नाय खाल्लंय. आता खातंय. तेका आवडायचे म्हणान बंद करू? म्हणानच करतंय."

मी जेवले. मग त्यांना सगळं सांगितलं. काळा पडदा, फोटो, नाव. त्यांचा चेहरा उजळला, उमेश. मला ते पाहवेना. मुलाचं नाव पडद्यावर येणार, गावाकडचे लोक बघणार, शेजारीण बघणार. त्यांच्या आयुष्यात असं उजळण्याजोगं आता काय उरलं आहे? मी गप्प बसले असते तर तो उजेड त्यांचा झाला असता. माझा तत्त्वनिष्ठ तिरस्कार त्या एका चेहऱ्यासमोर फार क्षुद्र वाटू लागला.

तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "आणि तां ढालवाल्या बायचा? तां आसा मा त्याच्यात?"

तू त्यांच्यासोबत बटणं आणि सोंगट्या मांडून खेळला होतास, हे मला तुझ्याकडून कळलं होतं, पण काय झालं ते तू फक्त हसून टाळलं होतंस. काकींनी सांगितलं. ढालकरीण त्यांच्याकडे होती. तू बशी उचललीस, सगळं समजावलंस, आणि विचारलंस, आये, ह्यो वार तुका घेवचो आसा?

"मी म्हटलंय, नाय. तेचो वार तेका घेव दे. माका सकाळी उठान रांधूचा आसा." त्या हसू लागल्या, पदर तोंडाशी धरून. "तो ह्यो असो हसलो, ह्यो असो! म्हणता, आये, तू? तू नाय म्हणतस? मी म्हटलंय, बाबा, जल्मात पयल्यांदा कोणी इचारल्यान, तर नाय म्हणान बघलंय."

त्यांच्या हसण्यात पाणी होतं. तुझे वडील गिरणी बंद पडल्यावर घरी बसले तेव्हापासून या बाईने काय काय अंगावर घेतलं, ते तू मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं होतंस, नेहमी दुसरंच काही बोलत असताना. कोणी तिला विचारलं नव्हतं. तू एका पुठ्ठ्यावर, दोन बटणांच्या मधे, तिला विचारलंस. त्या क्षणी मला तुझं सगळं काम कळलं, आणि इतकी वर्षं शेजारी बसून ते कळलं नव्हतं याचा रागही आला. तो तुझ्यावरच काढते, कारण सांगायला काय झालं होतं?

मग मी खरं ते सांगितलं. की ढालकरीण आहे, पण तिला आता कोणी विचारत नाही. ती गुमान वार घेत राहते. विचारणं आत खोल कुठेतरी ठेवलंय, कोणी शोधून काढलं तर.

काकींच्या चेहऱ्यावरचा उजेड माझ्यासमोर विझला, आणि तो मी विझवला होता.

"मगे नाव कित्याक?" त्या म्हणाल्या.

"आदर म्हणून, म्हणतात."

"तेना केल्लां काढून टाकूचा, आणि तेचो फोटो लावचो? ह्यो खयचो आदर?" त्यांनी ताटं उचलली. आतून आवाज आला, "फोटो मी देवचंय नाय. सांग तेंका, आवस नाय म्हणता."

दुसऱ्या दिवशी अंधेरीला ऑफिसात परत गेले. खाली कारखान्यात चंदन चालू होतं. निशांतला मी दोनच वाटा ठेवल्या. नाव हवं असेल तर प्रश्न परत पहिल्या जागी आण. प्रश्न नको असेल तर नावही नको. आईचं उत्तर त्याला शब्दशः सांगितलं. तो खुर्चीत मागे रेलला.

"इतकं काय त्यात? लोकांना छान वाटलं असतं यार."

"लोकांना?"

"आपल्याला. सगळ्यांना."

"त्याला?"

"तो आता..." तो थांबला. एवढी तरी लाज त्याच्यात शिल्लक होती. मग लॅपटॉपकडे वळून म्हणाला, "बरं. मग नाव काढतो. फ्लो नाही बदलणार मी." त्याच्या आवाजात सुटका होती. एक पडदा कमी झाला, खेळ आणखी लवकर सुरू होणार. नंतर काहीतरी आठवून त्याने विचारलं, "तुझं राहू दे ना? शब्दांसाठी?"

मी हो म्हटलं, उमेश. तुला हेही ऐकून घ्यावं लागेल. मला बोरिवलीचं घर चालवायचं आहे, आणि त्याने मला विचारलं होतं. जिवंत माणसाने आपल्या नावाची तडजोड स्वतः करावी. मेलेल्याच्या नावाची दुसऱ्याने करू नये. तू एका बाजूने हसला असतास, मला ठाऊक आहे. हस.

दोन ओळी मी लिहिल्या नाहीत. त्याऐवजी हे लिहिलं, आणि यात तुला आवडेल अशी लांबी नाही. खेळ लवकरच बाहेर पडेल. लोक तो घेतील, ढालकरणीला वारांखाली उभी करतील आणि तिच्या गुणांची वाखाणणी करतील. त्यात सुरुवातीला, शेवटी, कुठेही तुझं नाव असणार नाही. तुझ्यासाठी मला एवढंच करता आलं. ते करताना तुझ्या आईच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला, आणि तरीही आम्ही दोघींनी, तुझ्या नावाबद्दल विचारल्यावर, 'नाही' हेच उत्तर दिलं.